मुग्धानं सांगितलं

रॅकवरच्या कपबशा वाजल्या तेव्हा सुकन्या ओट्यापाशी चहा गाळत होती. आधी वाटलं, मागच्या बांधकामावर वाळूचा ट्रक आला असेल. पण ट्रकचा आवाज लांबून जवळ येतो. हा कुठूनच आला नाही. तो तळपायाखालीच होता, फरशीच्या खालून कुणीतरी जड पेटी ओढत न्यावी तसा. वाट्या एकमेकींना घासल्या, फ्रिजवरच्या बरणीचं झाकण किणकिणलं आणि थांबलं. एवढंच. पुढचं तिला आठवत नव्हतं. कळलं तेव्हा ती गल्लीत उभी होती, अनवाणी, हातात गाळणं, आणि गाळण्यातून चहा तिच्या पायावर ठिबकत होता. नांदेडात तरोडा नाक्याच्या त्या कॉलनीत सकाळीच माणसं दारांबाहेर आली होती. कुणी हसत होतं, कुणी फोनवर नातलगांना विचारत होतं, "तुमच्याकडं बसला का?" व्यंकट, तिचा नवरा, तोंडात ब्रश धरून फाटकापाशी आला आणि फेसातूनच म्हणाला, "अगं, कामून एवढी घाबरलीस? हिंगोलीकडं नेहमीच होऊन राहिलंय हे. आपल्याकडं नुसता हेलकावा." ती त्याच्याकडं बघत होती, पण तिला त्याच्या पाठीमागची भिंत दिसत होती. भिंत उभी होती. तिनं ती वरपासून खालपर्यंत नजरेनं चाचपली. मग ती पळत आत गेली ती फक्त मोबाइल आणायला.

मुलीला फोन लावावा हे तिच्या मनात आलंच नाही. तिनं मुलीचा फोन उघडला.

मुग्धाचा फोन तिच्या फोनाच्या आत राहत होता. गेल्या उन्हाळ्यात मुग्धानं डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला क्लास लावला, वसतिगृहात खाट घेतली, तेव्हा व्यंकटनं तिला नवा मोबाइल दिला होता. देण्याआधी वजिराबादेतल्या ओळखीच्या दुकानदाराकडून त्यात काहीतरी घालून आणलं होतं. मुग्धा कुठं आहे ते नकाशावर निळ्या ठिपक्यानं दिसायचं, आणि तिला आलेले, तिनं धाडलेले निरोप इकडं जसेच्या तसे उमटायचे. मुग्धाला हे सांगितलेलं नव्हतं. काम व्यंकटनं केलं होतं, पण त्याच्या मागं लागली होती ती सुकन्याच. पहिले काही दिवस तिनं फक्त ठिपका पाहिला. क्लासमध्ये आहे. खानावळीत आहे. खोलीवर आहे. ठिपका जागच्या जागी किंचित थरथरायचा, आणि त्या थरथरण्यानं तिला झोप यायची. निरोप वाचायचे नाहीत असं तिनं स्वतःला बजावलं होतं. मग एकदा मुग्धाला ताप आला तेव्हा वाचले. मग ताप उतरला तरी वाचले. अर्धापूरच्या शाळेत शिकवायला जाताना एसटीच्या खिडकीबाहेर केळीच्या बागा मागं पळायच्या आणि ही मांडीवर पर्स, पर्सवर फोन ठेवून पोरीचं आयुष्य वाचत बसायची. मुग्धा मैत्रिणींमध्ये तिला 'मुख्यालय' म्हणते हे तिला तिथंच कळलं. मुख्यालयाचा फोन आला होता. मुख्यालयाला सांगितलं की जेवले. वाचून तिला हसू आलं होतं, गहिवरल्यासारखंही झालं होतं, आणि लगेच कुणी पाहिलं का म्हणून तिनं शेजारच्या बाईकडं पाहिलं होतं. आपली पोर आपल्याशी बोलते त्यापेक्षा किती वेगळी बोलते! किती मोठी, किती विनोदी, किती रडवेली. ह्या मुग्धाला ती कधी भेटलीच नव्हती. आणि आता ती रोज भेटत होती, एकतर्फी, दाराला कान लावून.

निरोप आत्ताचेच होते, धक्क्यानंतरचे. गोदावरीचे. गोदावरी ही मुग्धाच्या खोलीतली दुसरी मुलगी, धर्माबादकडची, आजीचं नाव मिळालेली, अबोल, हुशार. तिला सगळ्या गोदी म्हणायच्या. शेजारशेजारच्या खाटांवर झोपणाऱ्या ह्या दोघी जे तोंडानं बोलायचं नाही ते एकमेकींना लिहून धाडायच्या.

'नांदेडला धक्का बसला म्हणे. इथं का नाही बसला. सगळंच एकदम संपलं असतं. कोणाला उत्तर द्यायला नको.'

'गोदे असं बोलू नको.'

'रविवारची टेस्ट पण तशीच जाणार. बाबा सगळ्या गावाला सांगून बसलेत. मी थकले. आता मी कोणाला त्रास देणार नाही.'

'म्हणजे काय? मी सरांना सांगू का?'

'शप्पथ घेतलीस तू. कोणाला नाही. तुझ्या आईला तर नाहीच.'

'नाही सांगणार. शप्पथ. पण तू माझ्याशी बोल.'

त्याच्यापुढं काही नव्हतं. सुकन्यानं ते उभ्यानंच पुन्हा वाचलं. बाहेर गल्लीतली माणसं हसत घरात परतत होती. आणि तेवढ्यात फोन वाजला. त्याच पडद्यावर, त्या अक्षरांच्या वरच, मुग्धाचं नाव आलं. तिला चोरी करताना पकडल्यासारखं झालं.

"आई, धक्का बसला म्हणे! ठीक आहेस ना? रस्त्यावर पळालीस का?"

"पळाले."

"बाबांनी फोटो काढायला पायजे होता." मुग्धा हसली. हसणं अगदी खरं वाटत होतं. सुकन्या वाट पाहत राहिली. आता सांगेल, आता म्हणेल, आई गं, एक गोष्ट आहे. शेवटी तिनंच विचारलं, "तुझी पार्टनर काय म्हणते? गोदी?"

"गोदी? झोपलीय अजून."

"बरी आहे ना?"

"बरी आहे की. कामून विचारायलीस?"

"सहजच."

सुकन्याच्या मनात आलं, किती सफाईनं खोटं बोलते ही. आणि लगोलग दुसरं आलं, मीही तर. आपल्या दोघींच्या आवाजात काही फरक नाही.

व्यंकट पाटबंधारे खात्यात होता. डबा भरून घेता घेता त्यानं निरोप वाचले, चष्मा कपाळावर सरकवला. "मग? वॉर्डनबाईला फोन लाव."

"काय सांगू? कुठनं कळलं म्हणू?"

"हां, ते आहे." तो खुर्चीवर टेकला. "हे बघ, ही पोरं असंच लिहितात. टेस्टमध्ये मार्क कमी पडले की मरतो मरतो करायचं अन् दुसऱ्या दिवशी गाड्यावर पाणीपुरी खायची. मुग्धाची परीक्षा तोंडावर आलीय. आत्ता तिला ह्याचा सुगावा लागला तर फोन फेकून देईल ती. मग आपण आंधळे होऊ. दोन दिवस बघू. काय होत न्हाई."

काय होत न्हाई. हे शब्द तिच्या बापाचे होते. व्यंकटला ते ठाऊक नव्हतं, पण शब्द तेच, ठेकाही तोच. तेरणाकाठच्या त्यांच्या गावात मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षापासून जमीन गुरगुरत होती. चौथीच्या वर्गात बाई फळ्यावर लिहिताना खडू थबकायचा, मुलं एकमेकांकडं बघायची, मग बाई पुढचं अक्षर काढायच्या. लोक अंगणात, खळ्यात निजायला लागले. साहेब येऊन गेले, कागदं घेऊन गेले. थंडी पडली, मग ऊन झालं, मग पाऊस झाला, आणि गुरगुर हळूहळू कुत्र्याच्या गुरगुरीसारखी घरचीच झाली. रामलिंग, तिचा बाप, एक दिवस अंगणातली बाज उचलून आत घेत म्हणाला, "जमिनीचं पोट दुखून राहिलंय, होईल बरं. काय होत न्हाई." माळवदाचं घर होतं, हातभर रुंद भिंती, वर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. सगळं गाव त्या भिंतींच्या आत परतलं. गणपती बोळवून झोपलेलं गाव. नंतरचं तिला फक्त मातीच्या चवीत आठवायचं. डोळे उघडले तरी काही दिसत नव्हतं, छातीवर आढं तिरकं अडकलं होतं, तोंड मातीनं भरलं होतं, आणि खूप वर, जणू विहिरीच्या काठावर, तिची आई चतुराबाई हाका मारत फिरत होती. सुके! बाळ्या! अवं, कुठं हाय तुमी? हाक जवळ यायची, डोक्यावरून जायची, लांब जायची, फिरून यायची. सुकन्या ओ देत होती. पण ओ गळ्यातच राहत होती, जीभ मातीत रुतलेली. बाप आणि तिचा भाऊ बाळ्या पलीकडंच होते. त्यांनाही हाका चालल्याच होत्या, त्याच आवाजात, तितक्याच लांब. हाकेला कळत नव्हतं कोण आहे आणि कोण उरलं नाही. पुढं मुरुडला मामाकडं वाढताना, लग्न होऊन नांदेडला आल्यावर, मुग्धा रांगायला लागल्यावर, तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसत गेली: हाका मारण्याचा काही उपयोग नसतो. ज्याला हाक ऐकू जाते त्याला ओ देता येईलच असं नाही. माणूस कुठं आहे हे आधीच ठाऊक पाहिजे. नेमकं ठाऊक पाहिजे.

तरीही ती डबा घेऊन शाळेला गेली. फोन लावला नाही. एसटीत बसली, केळीच्या बागा मागं गेल्या. ठिपका क्लासमध्ये होता. आपण काय करतोय हे तिला स्पष्ट दिसत होतं आणि ती तेच करत होती, स्वप्नात पाय उचलत नाहीत तसं. वर्गात पोरं धक्क्याच्या गोष्टी रंगवून सांगत होती. कुणाची म्हैस ओरडली, कुणाचा आजा बाजेवरून पडला. तिनं त्यांना पाढे म्हणायला सांगितले. पाढ्यांच्या त्या लाटेत ती फोन टेबलाच्या कप्प्यात उघडा ठेवून बसली. मागचे निरोप वर सरकवत गेली. एका ठिकाणी थांबली. आठवड्यापूर्वीचं होतं, वाचून विसरून गेलेली ती: 'गच्चीचं कुलूप तुटलंय. वर मस्त वाटतं. इथून सगळं लहान दिसतं.' गोदीचंच. तेव्हा सुकन्याला काळजी वाटली होती ती मुग्धा वर जाऊन उन्हात अभ्यास करेल आणि डोकं दुखेल ह्याची.

मधल्या सुट्टीत खिचडीची पंगत बसली आणि फोन एकामागून एक थरथरू लागला. 'गोदे क्लासला का नाही आलीस.' 'फोन उचल.' 'मी कोणाला सांगितलं नाही गं, शप्पथ.' 'कुठं आहेस.' 'प्लीज.' ठिपका क्लासमधून निघाला. वसतिगृहाकडं नाही, बसस्टँडकडं. मुग्धाला वाटलं असणार, गोदी गावाला निघाली. स्टँडवर ठिपका थोडा घुटमळला, मग गंजगोलाईकडं वळला आणि त्या गोल बाजाराला फेरी घालू लागला. सुकन्या व्हरांड्यात उभी राहून पाहत होती. निळा ठिपका वाटोळा फिरत होता, हाका मारत. तिला हाका ऐकू येत नव्हत्या पण दिसत होत्या. आणि तिला ठाऊक होतं की पोर चुकीच्या ठिकाणी शोधतेय. तिनं मुग्धाला फोन लावला. मुग्धानं कापला. मग तिनं वसतिगृहाच्या वॉर्डन पार्वतीबाईंना लावला.

"मी मुग्धाची आई बोलतेय, नांदेडहून. बाई, आधी गच्चीवर जा. गोदावरी. लगेच जा."

"गच्चीला कुलूप असतंय की."

"कुलूप तुटलंय बाई, तुम्ही जा!"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज, मग जिन्यावरचा धापा टाकणारा श्वास. "अन् तुमाला कोन सांगितलं हे?"

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. पण तो श्वास घेताना तिला नकाशावरून ठिपका पुसला गेलेला दिसला, कोरा नकाशा दिसला.

"मुग्धानं," ती म्हणाली. "मुग्धानं सांगितलं."

गोदी टाकीमागं बसलेली सापडली. चपला काढून नीट जोडीनं बाजूला लावल्या होत्या, देवळाबाहेर लावाव्या तशा. पार्वतीबाईंनी तिला छातीशी धरून खाली आणली. हे त्यांनीच नंतर फोनवर सांगितलं, रडत रडत, आणि म्हणाल्या, "तुमच्या पोरीनं जीव वाचवला हो." सुकन्या व्हरांड्यातल्या खांबाला टेकली. खिचडीचा वास येत होता. वाचली. पोर वाचली. ह्यापुढं दुसरं काही मोजायचं नाही असं ती स्वतःला सांगत होती, आणि सांगावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी ती लातूरला गेली. क्लासच्या त्या रस्त्यावर खांबाखांबाला पोरांचे हसरे फोटो टांगलेले होते, प्रत्येकाच्या छातीवर त्याचे मार्क. वसतिगृहाच्या दारात पार्वतीबाईंनी तिचे हात हातात घेतले. सकाळीच गोदीचे वडील येऊन मुलीला धर्माबादला घेऊन गेले होते. जाण्याआधी सगळ्या मुलींसमोर त्यांनी मुग्धापुढं हात जोडले होते. सरांनी वर्गात मुग्धाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. "मी गोदावरीला म्हनलं, बघ, मुग्धानं आईला सांगितलं म्हनून तू हायस. उपकार मान तिचे." पार्वतीबाई हे कौतुकानं सांगत होत्या.

खोलीत एका खाटेवर गादी नव्हती, नुसत्या पट्ट्या. मुग्धा दुसऱ्या खाटेवर भिंतीला पाठ लावून बसली होती. आईला पाहून ती उठली नाही.

"सगळे म्हणायलेत मी तुला सांगितलं."

सुकन्यानं डबा टेबलावर ठेवला. शेंगदाण्याची चटणी, धपाटे. डबा ठेवायला तिनं फार वेळ लावला.

"मी कधी सांगितलं, आई?"

"तुझ्या आवाजावरनं कळलं मला. काल सकाळी फोन केलास ना तू. आईला कळतं."

"गच्चीचं पण आवाजावरनं कळलं?"

खाली रस्त्यावर भोंगा वाजत होता, नव्या बॅचची जाहिरात. सुकन्याला वाटलं, आता. आता बोलले तर पोर रडेल, ओरडेल, फोन आपटेल, आणि मग कधीतरी, वर्षांनी का होईना, येईल. तिनं तोंड उघडलं. "मागं तूच बोलली असशील," ती म्हणाली, "गच्चीवर गोदी जाते म्हणून. एखाद्या रविवारी. विसरली असशील. अभ्यासाच्या नादात तुला काय लक्षात राहतंय?"

मुग्धा तिच्याकडं पाहत राहिली. मग तिची नजर आत वळली. ती खरोखरच आठवू लागली. आपण बोललो का? कधी? तिच्या कपाळावर आठी पडली आणि हळूहळू सैल झाली. "बोलले असेन," ती पुटपुटली. "मग मीच मोडली शप्पथ." आणि ती रडू लागली. सुकन्यानं तिला जवळ घेतलं. मुलीचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, केसांना खोबरेल तेलाचा वास होता, आणि सुकन्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आपण काय केलं हे तिला कळलं होतं. पोरीच्या डोक्यात हात घालून तिथली एक गोष्ट उचलली आणि दुसरीकडं ठेवली. आणि हात थांबत नव्हता, फिरतच होता.

त्यानंतर मुग्धा गोदीला रोज लिहायची. निरोप जायचे नाहीत. तिकडचा फोन वडिलांनी काढून घेतला होता. ते नुसते एकाच बरोबरच्या खुणेशी अडकून राहायचे, आणि अडकलेले ते निरोप वाचणारी जगात एकटी सुकन्या होती. 'गोदे, मला आठवत नाही मी कधी बोलले. खरंच आठवत नाही. मी वेडी झालेय का?' हे तिनं वाचलं आणि फोन पालथा ठेवला, आणि पुन्हा सरळ केला. व्यंकटला म्हणाली, "ते काढून टाकू या का फोनातलं?" व्यंकट म्हणाला, "त्याच्यामुळंच एक पोर जिवंत हाय, विसरलीस का?" तिच्याकडं ह्याला उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं म्हणून बरंही वाटलं.

मग एका दुपारी मुग्धानं कुठल्याशा वर्गमैत्रिणीला लिहिलं, 'डावा कान लई दुखतोय. कोणाला सांगितलं नाही.' संध्याकाळी फोनवर इकडचं तिकडचं झाल्यावर सुकन्या बोलून गेली, "अन् कान अंगावर काढू नको. पार्वतीबाईंना घेऊन दवाखान्यात जाऊन ये."

पलीकडं पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"कोणाचा कान, आई?"

सुकन्याच्या हातातला भाजीचा चाकू तसाच राहिला.

"बरं," मुग्धा म्हणाली. "जाते दवाखान्यात." आणि तिनं सावकाश फोन ठेवला. भांडली नाही. पुढंही काही बोलली नाही. मात्र त्या दिवसापासून तिचे निरोप स्वच्छ झाले. भौतिकशास्त्राच्या शंका, खानावळीतली भाजी, सुविचार. 'मुख्यालय' हा शब्द गेला. 'माझी आई' आली. माझी आई माझ्यासाठी किती करते. ठिपका क्लासमधून खोलीवर, खोलीवरून क्लासमध्ये. सुकन्या ते वाचायची आणि तिच्या अंगावर काटा यायचा. कारण हे सगळं तिलाच लिहिलेलं होतं. दाराला कान लावावा आणि पलीकडूनही कुणीतरी कान लावून उभं असावं, श्वास रोखून, तसं.

परीक्षेआधीचा तो रविवार होता. ऊन तापलं होतं. ठिपका सकाळपासून खोलीवर होता, हलत नव्हता. सुकन्या पापड वाळत घालत होती आणि अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आई, मी धर्माबादला आहे. गोदीच्या घरी. हा तिच्या बाबांचा फोन आहे."

सुकन्यानं कानावरचा फोन खाली घेऊन पडद्याकडं पाहिलं. ठिपका लातूरला होता, किंचित थरथरत.

"माझा फोन खोलीवर आहे. बघायलीस ना तू? तिथंच आहे तो." मुग्धाचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "गोदीला सांगायला आले होते, मी शप्पथ मोडली नाही म्हणून. तिनं दार उघडलं नाही. तिच्या बाबांनी चहा दिला. ती आतून म्हणाली, तिला जायला सांगा. आता निघते लातूरला."

"मुग्धा, अगं, एकटी कशी..."

"ऐक. हे तुला कळलंय ते मी सांगितलं म्हणून. माझ्या तोंडानं. एवढं तरी माझं राहू दे."

फोन बंद झाला. सुकन्या गच्चीत उन्हात उभी राहिली. भीतीखाली कुठंतरी काहीतरी सुटल्यासारखं झालं होतं. पोरीनं स्वतःहून सांगितलं होतं. सगळं कळूनही सांगितलं होतं. ती खाली आली, आणि व्यंकटला काही न विचारता तिनं फोनातलं ते काढून टाकलं. कसं काढायचं ते तिला कधीचं ठाऊक होतं. नकाशा गेला. हाताला विचित्र हलकं वाटलं. मग घरात शांतता पसरू लागली. पोर आत्ता कुठं असेल? नायगाव? देगलूर नाका? गाडी भरलेली असेल, शेजारी कोण बसलं असेल? धर्माबादहून लातूरला जायचं तर नांदेडच्या स्टँडवर उतरूनच जावं लागतं. आपल्याच गावातून, आपल्या इतक्या जवळून. घरी येईल का? येणार नाही. ती वाट पाहत बसली. बसवेना. भूक लागली असेल, एवढंच मनात धरून तिनं डब्यात दोन पोळ्या गुंडाळल्या आणि रिक्षा केली. बघायला नाही, ती स्वतःला सांगत होती. फक्त डबा द्यायला.

लातूरच्या गाडीत चालकाच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्या खिडकीत मुग्धा होती. डोकं गजाला टेकून डोळे मिटलेले. ती इतकी लहान दिसत होती. सुकन्या खिडकीखाली गेली आणि हळूच म्हणाली, "मुग्धा."

मुग्धानं डोळे उघडले. आईला पाहून आधी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं, झोपेतलं, जुनं. मग ते विझलं.

"तुला कसं कळलं मी ह्या गाडीत आहे?"

"अंदाजानं आले गं. तूच म्हणालीस ना, निघते म्हणून. नांदेडवरनंच जावं लागतं. डबा आणलाय."

"फोन खोलीवर आहे माझा."

"हाव, ठाऊक आहे. मी ते काढून टाकलं, मुग्धा. आत्ताच, तुझा फोन आल्यावर. खरंच सांगतेय."

मुग्धा ऐकत नव्हती. तिनं मांडीवरची सॅक उघडली आणि सीटवर उपडी केली. वह्या, पाउच, पाण्याची बाटली, ओढणी. ती सॅकच्या शिवणींवरून बोटं फिरवू लागली, अस्तर चिमटीत धरून चाचपू लागली. शेजारची म्हातारी सरकून बसली. "कुठं ठेवलंयस?" मुग्धा विचारत होती, हलक्या आवाजात, जणू अभ्यासातली शंका विचारावी तसं. "कशात आहे, आई?"

"काही नाही गं. कशातच नाही. तुझी शप्पथ."

शप्पथ हा शब्द ऐकून मुग्धा थांबली. तिनं आईकडं पाहिलं. मग तिनं बाटली उचलली आणि खिडकीच्या गजांतून बाहेर दिली. ती सुकन्यानं घेऊन दिलेली होती. मग पाउच. तोही तिनंच दिलेला. मनगटावरचं घड्याळ काढलं, ते दिलं. सुकन्या एकेक वस्तू घेत होती, दुसऱ्या हातातला डबा सावरत. वाहकानं घंटी मारली. इंजिन धडधडलं, काचा थरथरू लागल्या. मुग्धा आता कानातले काढत होती. दहावीला पहिली आली तेव्हा केलेले ते सोन्याचे लहान डूल. एक निघाला, तिनं तो आईच्या ओंजळीत टाकला. गाडी हलली. सुकन्या बरोबर चालू लागली, मग भराभर, "मुग्धा, राहू दे, राहू दे ते," म्हणत. दुसऱ्या डुलाच्या फिरकीचं मळसूत्र अडकलं होतं. मुग्धा मान वाकडी करून, ओठ दाबून तो ओढत होती, कानाची पाळी लाल झाली होती, आणि तो निघत नव्हता.